माईकवरून दिलेला सांगावा

जोगळेकरकाका गेले त्या सकाळी मी उल्हासनगरच्या माझ्या गाळ्यात दातांच्या एका डॉक्टरांची पितळी पाटी कोरत बसलो होतो. काकूंचा फोन आला. "रमेश, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी आवराआवर करायला उठलो तोवर खिशातला मोबाईल थरथरायला लागला होता. आमच्या स्मारक समितीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. कुणी पणती पाठवली, कुणी कमळ, कुणी भावपूर्ण श्रद्धांजलीचं ते तयार चित्र, ज्यात फक्त फोटो बदलायचा असतो. अर्ध्या तासात अंबरनाथ, बदलापूर, पुण्याचा पुतण्या, परदेशातली मुलगी, सगळ्यांना कळलं होतं. मला मात्र शटर ओढताना एकच काळजी लागली होती, की वाडीवर कोण जाणार?

माणूस गेल्यावर करायच्या कामांची यादी लांबलचक असते. दाखला, भटजी, फुलं, गाडी, सोसायटीच्या फळ्यावर सूचना. हे काम कुणाच्याच यादीत नव्हतं. ते का करायचं आणि स्वतः जाऊनच का करायचं हे सांगायला मला काकांच्या हातून झालेल्या सगळ्यात चांगल्या कामाबद्दल सांगावं लागेल, आणि त्याच कामात झालेल्या सगळ्यात मोठ्या चुकीबद्दलही. त्यांना ते आवडलं असतं. चूक झाकून ठेवलेला कागद त्यांना कधीच पसंत नव्हता.

आमची ओळख गाळ्यातच झाली. अंबरनाथच्या एका कारखान्यात नकाशे आणि आराखडे काढण्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन बदलापूरच्या कुळगावात राहत होते. एका दुपारी पांढरा बुशशर्ट, खिशात सहा इंची पोलादी पट्टी, अशा थाटात ते आले आणि काही न विचारता भिंतीवरच्या नमुन्याच्या पाट्या त्या पट्टीने मोजू लागले. मला वाटलं, कुठल्या तरी सरकारी खात्याचा माणूस! मी घाईघाईने खुर्ची पुढे केली. ते म्हणाले, "अहो, तुमच्या या 'निवास'मधल्या वा आणि स यांच्यामधलं अंतर जास्त झालंय." आता पस्तीस वर्षं अक्षरं कोरणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं तर त्याला काय वाटेल? मी म्हटलं, "साहेब, ज्यांचा बंगला आहे त्यांना चाललं." त्यावर ते हसले आणि म्हणाले, "माझ्या दगडाला चालणार नाही. तिघांची नावं आहेत. त्यांनी फार थांबून काढलंय."

ते तिघं म्हणजे चाहू, लख्या आणि गोमा. बारवी नदीच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी एक ठाकरवाडी आहे, तिथले. इंग्रजी अमलात जंगल सरकारजमा झालं, मोळी आणली तरी गुन्हा ठरू लागला, तेव्हा या तिघांनी वाडीवरची माणसं गोळा करून सरकारी लाकडाची वखार पेटवली आणि एक अख्खा पावसाळा तीरकमठ्यांवर पलटणीला डोंगरात खेळवत ठेवलं. शेवटी पकडले गेले आणि जिल्ह्याच्या तुरुंगात फासावर गेले. काकांना हे सापडलं तेही योगायोगाने. आपल्या सोसायटीच्या हद्दीचा वाद होता म्हणून जुना नकाशा शोधायला ते दफ्तरखान्यात गेले आणि भलत्याच गाठोड्यात या खटल्याचा कागद हाती लागला. तो त्यांनी तिथे बसून हाताने उतरवून घेतला. एका फुलस्केप वहीत, काळ्या शाईने, ओळ न् ओळ. "बदलापुरात चाळीस वर्षं राहतोय," ते मला म्हणाले, "आणि मला माझ्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याच्या आजोबांचं नाव माहीत आहे, पण यांचं नाही. लाज वाटली हो."

त्यानंतरची चार वर्षं काकांनी लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. पाच जणांची समिती झाली. मी त्यात निवृत्त नसलेला एकटा, दगड माझा म्हणून. चौकातली जागा मिळवताना नाकी नऊ आले. त्या जागेवर एकाला आपल्या वडिलांचं नाव हवं होतं, दुसऱ्याला कारंजं. एका सभेत कुणीतरी विचारलं, "पण हे आपले कोण?" काका उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या बिल्डिंगची जमीन ज्यांच्या पायाखालची होती, ते." जागा मिळाली! समितीतल्याच एकाला अर्धपुतळा पाहिजे होता, पिळदार मिशांचा. काकांनी विचारलं, "चेहरा कुणी पाहिलाय?" "काढू ना अंदाजाने." "अंदाजाने मी आयुष्यात एक रेघ काढली नाही," काका म्हणाले, आणि पुतळा बारगळला. ठरलं, की काळा दगड बसवायचा आणि त्यावर तीन नावं, इंग्रजी अमलात फाशी दिली एवढं एक वाक्य, बास.

हल्ली दगडावर अक्षरं काढायची म्हणजे संगणकावर स्टिकर कापायचा, दगडाला चिकटवायचा आणि वाळूचा मारा करायचा. दुपारी टाकलं की संध्याकाळी तयार. काकांना छिन्नीने कोरलेलं हवं होतं. शेजारचा लछूभाई, फाळणीत सिंधमधून आलेल्या घरातला, ट्रॉफ्या विकतो. तो रोज येऊन बघायचा. "अरे रमेश, इतना टाइम? कौन सा मिनिस्टर है?" मी म्हटलं, मिनिस्टर नाही, फाशी गेलेले आहेत. "हमारे भी उधर रह गए कितने," तो म्हणाला, "नाम भी कोई नहीं जानता." दुसऱ्या दिवसापासून तो माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन येऊ लागला, आणि लछूभाईला ओळखणाऱ्यांना हे नवल कळेल. काका तर दर शनिवारी हजर. पट्टी काढायची, दोन अक्षरांमधलं अंतर मोजायचं, मान डोलवायची किंवा नुसता सुस्कारा टाकायचा. त्या सुस्काऱ्यापायी मी एक पूर्ण दगड बाद केला. तेव्हा मनात म्हातारा म्हणून शिव्या दिल्या. आज त्याच शनिवारांची आठवण येऊन हात थांबतो.

या काळात काका वाडीवरही जात होते. चाहूच्या घरची सर्वांत म्हातारी म्हणजे बुधीआजी. चाहू तिच्या सासऱ्याचा आजा. वही घेऊन येणारा तो मास्तर, असा तिचा हिशेब, म्हणून ती काकांना मास्तर म्हणायची. चाहूला शिपाई बांधून घेऊन गेले इथवर वाडीला माहीत होतं. पुढचं कुणीच पाहिलं नव्हतं. कुणी म्हणे काळ्या पाण्यावर धाडलं, कुणी म्हणे मारलं. पितरांच्या अमावस्येला वाडीवर मेलेल्यांची पानं वाढतात, ती घरामागे ठेवतात. चाहूचं पान मात्र पुढच्या दाराशी, उंबऱ्याला लागून, वर टोपली झाकून. कामावरून उशिरा येणाऱ्या माणसाचं जेवण आपण झाकून ठेवतो ना, तसं. काकांनी हे स्वतः पाहिलं होतं. त्यांनी त्याचा फोटो काढला आणि वहीत टिपण केलं, की हुतात्म्याची अजून पूजा होते. किती आनंद झाला होता त्यांना! दगडाला आजीची ना नव्हती. "चाहूचा नाव लिवतेस? लिव की. बरा हाय," ती म्हणाली. फाशीचा शब्द मात्र काकांनी तिच्यापुढे काढला नाही. घरच्यांना माहीत असणारच, आणि म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर ते कसं बोलायचं, अशी त्यांची भिडस्त समजूत. मीही शेजारीच बसलो होतो. मलाही ती समजूत योग्यच वाटली होती.

अनावरणाचा दिवस उजाडला. मांडव, लेझीम, शाळेच्या मुली, वाडीतल्या माणसांना पहिली रांग आणि डोक्याला भगवे फेटे. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले, ते पाहुण्यांना शोभेसंच झालं. पडदा सरकला. काळ्या दगडावर पांढऱ्या रंगाने भरलेली माझी अक्षरं उन्हात अशी उठून दिसत होती, की मी स्वतःवरच खूश होतो. मग काका माईकपुढे गेले. त्यांचा आवाज कारखान्यातल्या माणसाचा, चांगला खणखणीत. त्यांनी तिन्ही नावं घेतली, आणि या तिघांना फासावर चढवण्यात आलं, असं म्हणून श्रोत्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सगळे उठले. दोन मिनिटं संपून सगळे खाली बसले, तरी वाडीची माणसं उभीच. बुधीआजीने डोक्यावरचा फेटा काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला. तिच्या मागून एकेक फेटा उतरला. चौकाच्या कडेला नगरपालिकेचा एक नळ आहे. आजी त्याच्याखाली अंगावरच्या लुगड्यानिशी बसली. मग तिची सून कमळी, मग बाकीचे, बायका, पुरुष, सगळे. आणि तशीच ओलीचिंब ती चाळीस-पन्नास माणसं रांगेने वाडीच्या वाटेला लागली.

मांडवामागे दोनशे माणसांची पुरी-भाजी आणि श्रीखंड तयार होतं. समितीतले एकजण संतापून म्हणाले, "हे बघा! यांच्यासाठी आपण मरमर मरायचं आणि यांना जेवायलाही थांबवत नाही." पाहुणे म्हणाले, "काही तरी गैरसमज झाला असेल." मला स्वतःला, खरं सांगतो, रागच आला होता. माझ्या दगडाकडे त्यांनी धड पाहिलंही नव्हतं. काका तेवढे फेट्यांनी भरलेल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. मी त्यांना घरी सोडायला गेलो. काकूंनी पाणी आणलं, काय झालं ते ऐकलं आणि ग्लास हातात तसाच धरून म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्यांना मेल्याची बातमी दिलीत. भर चौकात, माईकवरून."

काकू पुढे म्हणाल्या, "उशिरा कळलं की अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतात. तुमच्या मावशीचं पत्र महिन्याने आलं तेव्हा तुम्ही नाही का न्हाणीघरात तसेच शिरलात? आणि सुतकात कुणी श्रीखंड खातं का?" काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही सगळे असे, की लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तरी आधी दारात विचारतो, सुतक वगैरे नाही ना? समितीतल्या पाचही घरांत ही रीत पाळली जाते. पण फाशी इतक्या वर्षांपूर्वीची, म्हणजे ती इतिहासात जमा झाली, असं आम्ही धरून चाललो होतो. ती एखाद्या घरात अजून व्हायचीच आहे हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. झाकून ठेवलेलं ते पान पूजेचं नव्हतं, वाट बघण्याचं होतं. काकांनी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

चौथ्या दिवशी ते गाळ्यात आले. "रमेश, तू येशील का माझ्याबरोबर? मला एकट्याला धीर होत नाही." तोवर ते मला अहोजाहो करायचे. त्या दिवशी अरेतुरेवर आले ते कायमचे. आम्ही रिक्षाने डांबरी रस्त्यापर्यंत आणि पुढे चालत गेलो. मे महिन्याचं ऊन. वाडी शांत होती. कमळी दारात दिसली, पण ती पुढे आली नाही. तिने अंगणातल्या दगडाकडे बोट दाखवलं. काका त्या दगडावर बसले, मी खाली. बुधीआजी उंबऱ्याच्या आत. माफी मागण्यासाठी काकांनी रात्री बसून दोन पानं लिहून आणली होती. ती त्यांनी काढली, पुन्हा खिशात घातली, आणि म्हणाले, "आजी, चाहूची बातमी घेऊन आलोय. फार उशीर झाला. आणि जशी द्यायची तशी दिली नाही."

"आता दे," आजी म्हणाली.

काकांनी वही उघडली, पण वाचलं नाही. मांडीवर उघडी ठेवून तोंडानेच सांगू लागले. ओढ्याच्या काठी पहाटे वेढा पडला. तिघांना दोराने बांधून चालवत नेलं. हिवाळाभर कोठडीत ठेवलं. साहेबाने काय म्हणायचंय विचारलं तेव्हा तिघांपैकी कुणी बोललं नाही. मग एका सकाळी फाशी. आजी मध्येच विचारायची. "जेवला व्हता का त्या दिशी?" काका म्हणाले, "कागदात नाही, आजी." "कुनी पानी पाजला?" "तेही नाही लिहिलेलं." "मंग कुठं पुरला, का जालला?" "माहीत नाही." मला राहवेना. मी त्यांना हळूच कोपराने ढोसलं. म्हाताऱ्या बाईचं समाधान होईल असं काहीतरी सांगायला काय जातं? जेवला होता म्हणा की! पण अंदाजाने रेघ न काढणारा माणूस तो. प्रत्येक वेळी तेच, कागदात नाही, कागदात नाही, आणि आवाज खाली खाली जात चाललेला... शेवटी आजीने विचारलं, "जवल कोन व्हता त्याच्या?" काकांनी वही जवळ घेतली, त्या ओळीवर बोट ठेवलं. "तिघांना एकाच वेळी नेलं, असं लिहिलंय. लख्या आणि गोमा शेजारी होते."

"म्हंजे एकला नव्हता," आजी म्हणाली.

"नाही. एकटा नव्हता."

आजीने डोळ्याला पदर लावला. घरातून एका बाईच्या रडण्याचा आवाज आला, मग दुसरीच्या, मग शेजारच्या घरांतूनही. अशा प्रसंगी आपण काय करावं हे मला आजही कळत नाही. आम्ही बसून राहिलो. तासभर झाला असेल. कुणी पाणी विचारलं नाही. काकांना मधुमेह, ओठ सुकून पांढरे पडलेले. मी मनातून उखडलो होतो. चूक झाली, मान्य, पण एवढा राग धरायचा? परत निघालो तर वाडीच्या वेशीपर्यंत कमळी मागून आली. ती बदलापुरात कामाला येते, आमच्यासारखं बोलते. म्हणाली, "काका, पाणी दिलं नाही म्हणून वाईट नका वाटून घेऊ. आमच्यात सांगावा आणणारा बाहेरच्या कुणाच्या मरणाचं सांगून जात असेल तर त्याला पाणी देतात, गूळ देतात. घरच्याच माणसाचं असलं तर नाय देत. त्या घडीला घरात पाणी नसतंच, असं धरतात. आज चाहूचा सांगावा आला ना." डांबरी रस्त्याला लागल्यावर काकांनी टपरीवर पाण्याची अख्खी बाटली एका दमात रिकामी केली आणि म्हणाले, "त्यांनी मला बरोबर वागवलं बघ." घरी पोचेपर्यंत हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं.

पुढे वाडीवर तिघांचेही दिवस झाले. त्याला समितीला बोलावणं नव्हतं आणि काकांनी कुणाला जाऊही दिलं नाही. त्या वर्षीच्या अमावस्येला चाहूचं पान घरामागे गेलं, बाकीच्यांच्या ओळीत. दगड चौकात उभा राहिला, आजही आहे. काका दर रविवारी सकाळी जाऊन तो ओल्या फडक्याने पुसत. पानाची पिचकारी पडली असेल तर आधी चौकाला उद्देशून एक सणसणीत व्याख्यान देत आणि मग पुसत. वाडीची माणसं बाजाराला आली की दगडाला हात लावून पुढे जातात. करवंदांच्या दिवसांत कमळी काकूंकडे द्रोण भरून करवंदं टाकून जायची, आणि काकू तिला बळेच चहा पाजायच्या. काकाही वर्षातून तीन-चारदा वाडीवर जात. पण दरवेळी अंगणातच बसत. आजी आत ये म्हणायची, हे जात नसत. "मी बातमी आणणारा माणूस," असं म्हणत. ते अनावरण त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. मूत्रपिंडांनी हात टेकले होते. हाताला सुई, नाकाला नळी, तरी समोरच्या भिंतीवरच्या पाटीतल्या अक्षरांच्या अंतराबद्दल त्यांनी माझ्याकडे तक्रार केली. मी म्हटलं, बरे व्हा, नवीन करून लावू. मग काकू औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "वाडीवर फोन करू नकोस. त्यांच्या मुलांना मोबाईलवर कळेलच, ते सोड. पण तू जा. अंगणात बस आणि तोंडाने सांग. मी एकदा चुकलोय, पुन्हा माझ्याच बाबतीत नको." मी हो म्हटलं. ते हसले. "आणि पाणी दिलं तर नाही म्हणू नकोस हं. देतीलच. उन्हातून गेलेला असशील, आणि मी काय, बाहेरचाच."

ते गेले त्याच दुपारी, घाटावरून परत येऊन आंघोळ करून, मी वाडीवर गेलो. श्रावण सरला होता आणि पावसाने उघडीप दिल्यावर पडतं तसं चटके देणारं ऊन पडलं होतं. कमळीच्या मुलाच्या मोबाईलवर बातमी केव्हाच येऊन पडली होती, हे अंगणात पाय ठेवताच सगळ्यांच्या तोंडावर दिसलं. पण सगळे माझ्या तोंडून ऐकायला थांबले होते. मी दगडावर बसलो. बुधीआजी आता फारशी उठत नाही, तिला धरून उंबऱ्यापाशी आणलं. मी म्हटलं, "आजी, जोगळेकरकाकांचा सांगावा घेऊन आलोय."

"सांग."

मी सांगितलं. आजीने एकेक विचारायला सुरुवात केली, आणि काकांना तिथेच बसून ज्यांची उत्तरं देता आली नव्हती तेही प्रश्न एकामागोमाग माझ्याकडे आले. जेवले होते का? हो, रात्री दोन चमचे पेज घेतली. पाणी कुणी पाजलं? काकूंनी, चमच्याने. काय बोलले? काकूंना म्हणाले, तू जरा पड आता. जवळ कोण होतं? काकू होत्या, हात हातात होता. जाळलं की पुरलं? जाळलं. मी खांदा दिला, मी पाहिलं. मला वाटलं होतं मी नीट सांगेन. पण प्रत्येक उत्तर तोंडाशी येताना मला वाटत होतं, की हे चाहूच्या घरी येऊन सांगायला कुणी मिळालं नाही.

आजी ऐकत होती. तिने मान हलवली. कमळी उठली, कोपऱ्यातल्या माठावरचं झाकण तिने काढलं, तांब्या बुडवला आणि भरलेला तांब्या घेऊन माझ्या दिशेने निघाली. मला काकांचं बोलणं आठवलं. मी हात पुढे केला.

"कमले," आजी म्हणाली, "ठेव तो तांब्या. घरचा मानूस गेलाय."